काचेतलं बाळ घरी आलं, आता पुढे काय?

गेल्या अंकात जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की दीड किलोच्या आत जन्मलेल्या बाळाला आम्ही डॉक्टर लोक 'अतिशय कमी वजनाचं' म्हणतो, एक किलोच्या आत असेल तर त्याहून नाजूक, आणि अशी बाळं आता वीस-तीस वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वाचतात. बस, एवढंच. आणि मग काय, पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा नुसता पाऊस! वाचतात हो, पण पुढे काय होतं, हाच सगळ्यांचा प्रश्न. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण ज्या प्रश्नांत दहा जणांचे प्रश्न येतात असे काही घेतलेत. नावं अर्थात काढून टाकली आहेत.

माझा मुलगा ३० आठवड्यांना झाला, वजन १२५० ग्रॅम. ४४ दिवस काचेत होता. आता ८ महिन्यांचा झालाय पण बसत नाही. जावेचा मुलगा याच्याहून पंधरा दिवसांनी लहान, तो बसतो, रांगायलाही बघतो. घरात सगळे म्हणतात याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला रात्र रात्र झोप नाही. – एक आई, बार्शी

ताई, आधी एक हिशोब करू. पूर्ण दिवसांचं बाळ ४० आठवड्यांचं. तुमचा मुलगा ३० ला आला, म्हणजे दहा आठवडे आधी, म्हणजे साधारण अडीच महिने. आठातून अडीच वजा करा. साडेपाच. तुमचा मुलगा विकासाच्या हिशोबाने साडेपाच महिन्यांचा आहे, आणि साडेपाच महिन्यांचं कुठलं बाळ आधाराशिवाय बसतं हो? जावेचा मुलगा पूर्ण दिवसांचा, त्याला पोटात अडीच महिने जास्त मिळालेत, त्याची याची तुलनाच चुकीची आहे. याला आम्ही 'करेक्टेड एज' म्हणतो, दुरुस्त केलेलं वय म्हणा, आणि दोन वर्षांचा होईपर्यंत मान धरणं, पालथं पडणं, बसणं, बोलणं, वजनाचा चार्ट, सगळं याच वयाने मोजायचं. लस मात्र याला अपवाद. लशी जन्मतारखेप्रमाणेच घ्यायच्या. 'लहान आहे, अजून दोन महिने थांबू' असं म्हणत लस लांबवणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात, आणि नेमक्या याच बाळांना डांग्या खोकला, न्यूमोनिया जास्त झोडपतो.

आता खरं तेही सांगते, नुसता धीर देऊन उपयोग नाही. दीड किलोच्या आतल्या, वाचलेल्या मुलांपैकी शंभरात साधारण पाच ते दहा जणांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे हातापायाच्या हालचालींचा कायमचा त्रास राहतो, आणि वजन जितकं कमी, आठवडे जितके कमी, तितका धोका जास्त. म्हणजे नव्वदच्या वर मुलांना तो होत नाही, हेही त्याच वाक्यात वाचा. पण आपलं बाळ कुठल्या बाजूला आहे हे घरबसल्या तुम्ही बऱ्यापैकी ओळखू शकता, फक्त 'बसतो का' हे बघू नका. लंगोट बदलताना पाय सहज फाकतात का, की कात्रीसारखे एकमेकांवर चढून ताठ होतात? मुठी उघडतो का, की अंगठा आत दाबून घट्ट आवळलेल्याच असतात? (दुरुस्त वयाच्या चार महिन्यांनंतरही सतत आवळलेल्या असतील तर दाखवा.) एकाच हाताने खुळखुळा घेतो आणि दुसरा हात गळपटलेला असतो का? तुमच्या तोंडाकडे बघून हसतो का? मान सावरली का? यातलं काही खटकलं तर वाट बघू नका, जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे फिजिओथेरपिस्ट वगैरे एकाच जागी भेटतात. 'नंतर आपोआप होईल' या वाक्याने जेवढी मुलं मागे राहिलीत तेवढी आजाराने नसतील राहिली असं मला कधी कधी वाटतं. आणि काही खटकलं नाही तरी दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला जायचंच. दिवसातून थोडा थोडा वेळ जागेपणी पालथं घाला, समोर बसून बोला, गाणी म्हणा. वॉकर नको. पांगुळगाडा चालेल, पण तो स्वतः उभं राहायला लागल्यावर.

जावेला हा अंक वाचायला द्या, हवं तर मुद्दाम उघडा ठेवा.

सुनेला आठवा लागल्यावर बाळ झालं, १४५० ग्रॅम. आमच्यात म्हणतात सातमाशी जगतं पण आठमाशी जगत नाही. पाचवीला बाळ काचेत होतं, पूजा करता आली नाही, सटवाई आलीच नसेल का? – एक आजी, चिपळूण

आजी, सटवाईला दवाखान्याचा पत्ता माहीत असतो, तुम्ही काळजी करू नका. पूजा घरी केली तरी चालली असती, आता बाळ घरी आल्यावर बारसं करा आणि थाटात करा, फक्त माणसं कमी बोलवा आणि प्रत्येकाला बाळाचा पापा घेऊ देऊ नका.

सातमाशी-आठमाशीचं मात्र खरं नाही. ही समजूत आपल्याच गावची आहे असं मला लहानपणी वाटायचं, पण ती भलतीच जुनी निघाली, प्राचीन ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावर जे वैद्यकीय लिखाण आहे त्यात आठव्या महिन्यातल्या बाळावर वेगळं प्रकरणच आहे! गोष्ट अगदी साधी आहे, पोटात एकेक आठवडा जास्त मिळाला की फुप्फुस जास्त तयार होतं, त्यामुळे आठमाशी सातमाशापेक्षा चांगलंच जगतं. पूर्वी दोन्हीही जगायची मारामार होती. १९६३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांचं, केनेडींचं बाळ असंच साडेपाच आठवडे आधी झालं, वजन २१०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या नातवापेक्षा चांगलं साडेसहाशे ग्रॅम जास्त. ३९ तासांत गेलं. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस बाहेर उभा, आणि डॉक्टरांच्या हातात काही नाही. फुप्फुसातल्या फुग्यांना मिटू न देणारा एक साबणासारखा पदार्थ असतो, सर्फॅक्टंट, तो अशा बाळांत कमी असतो हे तेव्हा नुकतं कळलं होतं, मेरी एलन एव्हरी नावाच्या डॉक्टरबाईंनी १९५९ मध्ये दाखवलं होतं, पण बाहेरून द्यायचा कसा ते कुणाला जमत नव्हतं. ते जमलं १९८० मध्ये, जपानच्या फुजिवारांना, गाईच्या फुप्फुसातून काढून. तुमच्या नातवाला श्वासनळीतून पांढरं दुधासारखं औषध दिलं असं तुम्ही लिहिलंय ना, तेच ते.

आणि टाळू भरायला हरकत नाही, पण हलक्या हाताने, खोबरेल. कानात-नाकात तेल नको, धुरी-शेगडी तर अजिबात नको, त्या धुराने या फुप्फुसांचे हाल होतात. मध, बाळगुटी, पाणी, काही काही चाटवायचं नाही. काजळही नको.

बाळ ३१ आठवडे, १३८० ग्रॅम, बारा दिवस सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणारं मशीन), नंतर ऑक्सिजन. आज ३३ दिवसांचं आहे, पाच दिवसांपूर्वी डिस्चार्ज मिळाला. कार्डावर शेवटी 'आरओपीसाठी डोळे तपासणे' अशी एक ओळ आहे. पण बाळ दिव्याकडे छान बघतं, डोळे स्वच्छ आहेत. आई म्हणते थंडी आहे, दोन किलो होऊ दे, मग नेऊ. तालुक्यापासून शहर ९० किलोमीटर आहे. नेलंच पाहिजे का? – एक वडील, यवतमाळ जिल्हा

हे पत्र वाचलं आणि अंक छापून यायची वाट न बघता संपादकांकडून नंबर घेऊन फोनच केला. उद्या सकाळच्या गाडीने निघा म्हटलं. इथे मुद्दाम छापतेय कारण अशी पत्रं तीन आहेत.

आरओपी म्हणजे कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार. या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटात असताना मधून कडेकडे वाढत जातात आणि नवव्या महिन्याच्या शेवटी कुठे कडेला पोचतात. बाळ आधी आलं की वाढ अर्ध्यात थांबते, मग काही आठवड्यांनी पुन्हा वाढ सुरू होते पण वेडीवाकडी, आणि ती फार झाली तर पडदा ओढला जाऊन सुटतो. सुटला की संपलं, मग दृष्टी परत आणणं जवळजवळ अशक्य. हे सगळं आत चालू असतं, बाहेरून डोळा सुंदर, काळाभोर, आणि बाळ दिव्याकडे बघतंही! बाहुलीत पांढरं दिसायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी चार महिन्यांची एक मुलगी आणली होती, आजीने हातात घेऊन खिडकीकडे नेलं आणि मला म्हणाली, बघा ना, उजेडाकडे बघतच नाही. मी फाईल मागितली. डिस्चार्ज कार्ड होतं चार पानांचं, टाईप केलेलं, औषधांच्या वेळा हायलाइट केलेल्या, आणि डोळ्यांची ओळ कुठेच नव्हती. कुठल्या दवाखान्याचं ते सांगत नाही. चूक एका ओळीची होती. त्या मुलीचे दोन्ही पडदे सुटलेले होते.

म्हणून नियम पाठ करा: २००० ग्रॅमच्या आत किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायचे, आणि १२०० ग्रॅमच्या आत किंवा २८ आठवड्यांच्या आत असेल तर त्याहूनही लवकर, दोन-तीन आठवड्यांतच. इथे दुरुस्त वय चालत नाही, दोन किलो होऊ दे चालत नाही, थंडी चालत नाही. अमेरिकेत दीड किलोच्या वरच्या बाळांना सरसकट तपासत नाहीत, आपल्याकडे तपासावं लागतं, कारण इथे मोठ्या बाळांनाही आरओपी होताना दिसतो. जास्तीचा ऑक्सिजन हे त्यातलं मोठं कारण, १९४०-५० च्या दशकात अमेरिकेत काचेच्या पेट्यांमध्ये बेहिशोबी ऑक्सिजन सोडायचे तेव्हा हजारो मुलं आंधळी झाली, गायक स्टीव्ही वंडर त्यातलेच, १९५० चा जन्म. आता ऑक्सिजन मोजून देतात, बोटाला लाल दिवा लावलेला असतो ना तो त्यासाठीच.

तपासणी पाच-दहा मिनिटांची. आधी थेंब टाकून बाहुली मोठी करतात, बाळ रडतं, आईने बाहेर थांबलं तरी चालतं. एकदा नॉर्मल म्हणजे सुटलो असं नाही, रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचेस्तोवर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात, आणि लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन लागलं तर ते दोन-तीन दिवसांत करायचं असतं, पुढच्या महिन्यात नाही. सरकारी दवाखान्यात हे मोफत होतं, जिल्ह्याच्या एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांचा सरकारी कक्ष) किंवा तुमच्या आशाताईंना विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढे पाठवतात. थंडीचं म्हणाल तर बाळ आईच्या छातीला कातडीला कातडी लावून, वरून शाल, डोक्यात कुंची, की ९० किलोमीटर काहीच नाही.

ते बाबा बाळाला घेऊन गेले. आरओपी दुसऱ्या स्टेजचा निघाला, लेझर लागलं नाही, सध्या दर आठवड्याला फेऱ्या चालू आहेत. आणि हो, कानांचंही राहिलंय, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिलेल्या बाळाची बेरा तपासणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) तीन महिन्यांच्या आत करायची, नुसत्या टाळ्या वाजवून बघायचं नाही.

बाळ ११०० ग्रॅमचं होतं. चौथ्या दिवशीही मला पिळून फक्त ५ मिली दूध निघायचं, नणंद म्हणाली एवढ्यात बाळ उपाशी मरेल, म्हणून पावडर सुरू केली. आता बाळ ४० दिवसांचं, १६०० ग्रॅम, माझं दूध जवळजवळ आटलंय. परत येईल का? – एक आई, पिंपरी

येईल. पण आधी त्या ५ मिलीबद्दल बोलू, कारण ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. ११०० ग्रॅमच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी देतात किती? एक ते दोन मिली. नळीतून. म्हणजे तुमचे पाच मिली हे त्याचे तीन-चार वेळचे जेवण होते! तुम्ही त्या वाटीत तळाला चिकटलेलं पिवळट दूध बघितलं आणि कमी वाटलं, कारण डोळ्यासमोर दुधाची बाटली होती. कमी दिवसांच्या आईचं दूध वेगळंच असतं, प्रथिनं जास्त, आणि या बाळांना आतड्याची जी भयंकर सूज येते, पोट फुगतं, कधी आतडं फाटतं, ती आईच्या दुधावरच्या बाळांत बरीच कमी होते. औषधच आहे ते.

आता करायचं काय, तर दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा दूध काढायचं, त्यातलं एकदा तरी मध्यरात्रीनंतर, रात्रीची वेळ सोडायची नाही. बाळाला छातीशी उघडं ठेवून मग काढलं तर जास्त येतं, पंप नसेल तर हाताने, एसएनसीयूतली सिस्टर दाखवेल. बाळाला रोज स्तनाला लावायचं, ओढलं नाही तरी चाटू दे. पहिले चार-पाच दिवस काहीच फरक दिसणार नाही, मग हळूहळू वाढेल, पावडर तेवढी कमी करत जायची, बाळाचं वजन बघत, डॉक्टरला विचारून. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू खुशाल खा, तुम्हाला ताकद येईल, पण दूध वाढतं ते काढल्याने. बाटली नको, वाटी-चमचा. आणि लोह, ड जीवनसत्त्वाचे थेंब, दुधात मिसळायची फॉर्टिफायरची (दुधाचं पोषण वाढवणारी) पुडी, जे लिहून दिलंय ते बंद करू नका, या बाळांचा साठा पोटातच भरायचा राहून गेलेला असतो.

पावडरच्या आधी एक पर्याय होता तोही लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. दूध बँक. आशियातली पहिली दूध बँक आपल्या मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, साडेबासष्ट अंशावर अर्धा तास तापवून देतात. तुमच्या भागातही विचारून बघा.

कांगारू केअर बाप देऊ शकतो का? माझ्या छातीवर केस आहेत. – एक नवे बाबा, नाशिक

देऊ शकतो. कांगारू केअर म्हणजे बाळाला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरणं, केसांचं बाळाला काही नाही. आंघोळ करून, तंबाखू-सिगरेट सोडून (दोन्ही कायमचं सोडलं तर उत्तम), मागे टेकून बसायचं आणि बाळ फक्त टोपी, मोजे, लंगोट घालून दोन छातींच्या मध्ये उभं, बेडकासारखं, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून दुपटं बांधायचं. आई जेवायला गेली, झोपली, की तुमची पाळी. आजी, मावशी कुणीही.

हे गरिबीतून निघालेलं शास्त्र आहे, १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियात बोगोटाच्या दवाखान्यात पेट्या पुरेनात, एकेका पेटीत दोन-तीन बाळं, म्हणून डॉ. एडगर रे यांनी आयांनाच पेटी केलं. लोकांना वाटायचं हा गरिबांचा जुगाड. मग भारतासह पाच देशांत, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंगमध्ये, १ किलो ते १८०० ग्रॅमच्या आतल्या ३२०० बाळांवर पाहणी झाली, की स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्या जन्मल्या छातीला लावलं तर काय होतं. २०२१ मध्ये निकाल आला, पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ वर. पाहणी मध्येच थांबवावी लागली, कारण दुसऱ्या, म्हणजे स्थिर होईपर्यंत थांबवलेल्या, गटातल्या बाळांना यापासून लांब ठेवणं बरोबर दिसेना. आता जागतिक आरोग्य संघटना दिवसातले ८ ते २४ तास सांगते. तेव्हा शर्टाची बटणं काढा.

मुलगी दहा वर्षांची, चौथीत. जन्मवजन १३०० ग्रॅम. बोलण्यात हुशार, गोष्टी सांगते, पण अक्षर भयानक, फळ्यावरचं उतरवून घेता येत नाही, गणितात रडारड. शाळा म्हणते लक्ष देत नाही. – एक आई, पुणे

ताई, तुम्ही पुण्याच्याच, म्हणून सांगायला जास्त आवडेल. तुमच्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते ८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा पाठपुरावा केला, एक-दोन वर्षं नाही, अठरा वर्षांची होईपर्यंत! आपल्याकडे पत्ते बदलतात, लोक गाव सोडतात, तिथे हे करणं म्हणजे काय चिकाटी लागली असेल कल्पना करा. त्यांना बाराव्या वर्षी काय दिसलं, तर या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा कमी, पण नॉर्मल मर्यादेत. मात्र डोळ्याने बघून हाताने करायची कामं, अक्षर, आकृती, गणित, यात ती मागे पडत होती. सगळ्यात जास्त मागे कोण, तर जी आधीही जन्मली आणि आठवड्यांच्या मानानेही बारीक होती ती, म्हणजे पोटातच उपासमार झालेली.

म्हणजे तुमच्या मुलीचं 'लक्ष देत नाही' हे बहुधा लक्ष नसणं नाहीच. फळ्यावर बघायचं, लक्षात ठेवायचं, मान खाली घालायची, ओळ शोधायची, पेन्सिल योग्य जोराने धरायची, या साखळीतली एखादी कडी कच्ची आहे. मी अशा मुलांना टेबलावर कागद देऊन एक चौकोन आणि त्यात तिरकी रेघ काढायला सांगते. तोंडाने फडाफडा सांगतात 'चौकोन आहे, त्यात रेघ आहे', आणि कागदावर रेघ चौकोनाच्या बाहेर कुठेतरी निघून जाते, मग स्वतःच खोडतात, पुन्हा काढतात, पुन्हा बाहेर. ते बघितलं की कुठल्याही शिक्षकाला पटेल की हा आळस नाही.

आधी डोळ्यांचा नंबर आणि तिरळेपणा तपासा, या मुलांत चष्मा जास्त लागतो आणि निम्म्या वेळा कुणी बघितलेलंच नसतं. कान. मग बालविकास केंद्रात बुद्ध्यांक आणि लर्निंग डिसॅबिलिटी (लिहिण्या-वाचण्यातली, गणितातली अडचण), दोन्हीची चाचणी. ऑक्युपेशनल थेरपीने हात सुधारतो, दहाव्या वर्षीही. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळतात, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हे आता आलेलं आहे, त्यात लाजायचं काय? शाळेला जन्माची फाईल दाखवा. बाईंना सांगा, पहिल्या बाकावर बसवा आणि फळ्यावरचं छापून द्या.

पहिली मुलगी बीपी वाढल्यामुळे २८ आठवड्यांना झाली, ९५० ग्रॅम. आता तीन वर्षांची, व्यवस्थित आहे. पुन्हा दिवस गेलेत, दुसरा महिना. – एक आई, बेळगाव

अभिनंदन, आणि मुलीचंही! ९५० ग्रॅमवरून बालवाडीपर्यंत आलीय, तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

याच आठवड्यात डॉक्टरकडे जा आणि मागच्या वेळचं बीपीचं सांगा, कारण रोजची कमी डोसची ॲस्पिरिनची गोळी देता येते आणि ती सोळा आठवड्यांच्या आत सुरू केली तरच खरा उपयोग. स्वतःच्या मनाने घेऊ नका. बीपी वरचेवर मोजा. डोकं दुखणं, डोळ्यासमोर अंधारी, तोंडावर सूज आली तर रात्र काढू नका. आणि मोठा एनआयसीयू कुठे आहे, तिथे पोचायला किती वेळ लागतो, गाडी कुणाची, हे पाचव्या महिन्यातच ठरवून ठेवा. लवकर होणार अशी चिन्हं दिसली तर बाळ झाल्यावर काचेच्या पेटीतून पळवण्यापेक्षा पोटात असतानाच नेणं केव्हाही चांगलं, आईच्या पोटासारखी अँब्युलन्स नाही. तिथे तुम्हाला फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतील, घाबरू नका, हे न्यूझीलंडच्या डॉ. लिगिन्सना मेंढ्यांवर प्रयोग करताना सापडलं, स्टेरॉइड दिल्यावर वेळेआधी जन्मलेलं, मरायला हवं होतं असं कोकरू श्वास घेत होतं! १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी डॉ. होवींनी आयांना देऊन दाखवलं. अगदी स्वस्त औषध आहे, आणि एवढ्या स्वस्तात एवढे जीव वाचवणारं दुसरं माझ्या बघण्यात नाही.

मी २४ वर्षांचा, जन्मवजन १४०० ग्रॅम. कुठेतरी वाचलं की अशा लोकांना मधुमेह होतो. मला होणार का? – एक तरुण, ठाणे

होणारच असं नाही, पण धोका इतरांपेक्षा जास्त, हे खरं. इंग्लंडच्या डेव्हिड बार्करांनी हे आधी मांडलं, आणि आपल्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास करून दाखवलं की आपली बाळं वजनाला कमी असली तरी चरबीला कमी नसतात, स्नायू कमी आणि चरबी राखून ठेवलेली. म्हणजे दिसायला काडी, आतून वेगळंच. त्यामुळे तुम्ही बारीक आहात म्हणून निर्धास्त राहू नका, कंबर मोजा. वर्षातून एकदा बीपी आणि साखर, आतापासून. कमी दिवसांच्या मुलांत मोठेपणी बीपी जरा जास्त दिसतं आणि फुप्फुसांची ताकदही कमी असू शकते, तेव्हा सिगरेटचा तर प्रश्नच येत नाही. जिममध्ये वजनं उचला, स्नायू वाढवणं तुमच्या बाबतीत शोभेचं काम नाही.

आणि कुठल्याही डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलात की जन्मवजन आणि आठवडे सांगत जा, आम्ही मोठ्यांना हे विचारायला विसरतो. आठवडे माहीत नसतील तर आईला जुनी फाईल मागा. फेकलेली नसणार. कपाटाच्या वरच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तुमच्या पहिल्या झबल्याबरोबर ठेवलेली असेल.